हात वर, तोंड बंद
येरवड्याच्या पूना क्लब गोल्फ कोर्सवर व्यावसायिक गोल्फपटूंच्या स्पर्धा भरतात. फटक्याच्या वेळी स्वयंसेवक नुसते दोन्ही हात वर करतो आणि माणसं खोकलाही गिळतात! आमच्या रांजणगावी अंगारकीला महागणपतीच्या रांगेत शिट्टी फुंकफुंकून स्वयंसेवक पोरांचे गाल दुखतात. वर ‘ओ दादा, पाहुणे आलेत, मधून सोडा की’ आहेच. अमेरिकेतल्या बऱ्याच गोल्फ स्पर्धांत स्वयंसेवक गणवेशाचे पैसेही पदरचे भरतो. इकडे टी-शर्ट फुकट, पाठीवर साहेबांचा फोटो तेवढा वागवायचा. हरवलेला चेंडू शोधायला गोल्फमध्ये २०१९पासून ५ऐवजी ३च मिनिटं मिळतात. हा नियम अंगारकीला चपला शोधणाऱ्यांना लावला, तर निम्मा शिरूर तालुका अनवाणी घरी जाईल.