अणुबंदीचा अनुशेष

मराठवाड्याचा कशाकशात अनुशेष आहे याची यादी आम्हाला पाठ आहे. सिंचन, रस्ते, रेल्वे, नोकऱ्या. त्यात आता एक भर घालावी म्हणतो : बंदी. अमेरिकेतल्या राज्यांनी विधिमंडळात कायदे करून नव्या अणुभट्ट्यांना मनाई केली आणि नांदेड-लातूर तेवढं कोरडंच राहिलं. अनुशेषाचा हिशेब ठेवणाऱ्या वैधानिक विकास मंडळाची मुदत २०२० सालीच संपली, म्हणून हे गाऱ्हाणं वर्तमानपत्रात.

बंदी कशी असावी, तर इलिनॉयसारखी. त्या राज्यानं १९८७ साली नव्या अणुभट्ट्यांवर बंदी घातली. जुन्या मात्र चालूच राहिल्या, आणि आज तिथल्या भट्ट्यांची संख्या ११, म्हणजे त्या देशात सर्वांत जास्त. अकरा जावई पंगतीत जेवत असताना सासऱ्यानं दारावर ‘जावयांना प्रवेश नाही’ अशी पाटी लावावी, तसं. पुढे २०२३ मध्ये छोट्या भट्ट्यांपुरती पाटी उतरवली. कॅलिफोर्नियानं १९७६ सालीच विचारलं होतं की अणुकचरा कायमचा टाकायचा कुठे ते आधी सांगा. कोणी सांगितलं नाही. बंदी आहे तिथेच आहे.

आपल्याकडे अशी हौस भागत नाही. राज्यघटनेत अणुऊर्जा केंद्राच्या यादीत. पण जमीन राज्याची, पाणी राज्याचं आणि, हे विसरू नये, पोलीसही राज्याचे. पश्चिम बंगालनं २०११ साली कायदा-बियदा न करता हरिपूरच्या अणुप्रकल्पाला ‘नको’ म्हटलं आणि विषय संपला. महाराष्ट्रानं कोकणातल्या जैतापूरच्या प्रकल्पाला ‘या’ म्हटलं.

कोणी म्हटलं? २००५ साली जागेला तत्त्वतः मंजुरी मिळाली तेव्हा मुख्यमंत्री लातूरचे विलासराव देशमुख. भूसंपादनाची घाई झाली तेव्हा नांदेडचे अशोक चव्हाण. नोव्हेंबर २०१० मध्ये चव्हाणांची खुर्ची गेली आणि त्याच महिन्यात प्रकल्पाला पर्यावरण परवानगी आली. मराठवाड्यानं कोकणाला काही दिलं नाही, असं कोणी म्हणू नये.

माडबन-मिठगवाण्याच्या लोकांनी ‘नको’ म्हटलं. नुसतं म्हटलं नाही, पुष्कळांनी भरपाईचे धनादेश हातात घेतले नाहीत. मराठवाड्यात धनादेशासाठी तलाठ्याकडे खेटे घालून चपला झिजतात. धनादेश दारात येतो आणि माणूस तो परत करतो, हे इथं सांगून पटणार नाही. १८ एप्रिल २०११ ला साखरी नाटे गावात पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण गेला. इथं विनोद थांबतो.

पक्षांनीही विरोधाचा झेंडा उचलला. शिवसेना विरोधात होती. २०१४ मध्ये ती सत्तेत आली. विरोधही चालू, सरकारही चालू. ९,९०० मेगावॉटच्या त्या प्रकल्पातून आजवर एक युनिट वीज आलेली नाही. इतकी कडक बंदी कॅलिफोर्नियालाही जमली नाही!

आमच्याकडे बंदी घालण्याआधी प्रकल्प मागावा लागेल, आणि भट्टीला पाणी लागतं. परळीचं औष्णिक केंद्र २०१५ साली पाण्यावाचून बंद पडलं. पुढच्याच एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. लोकांनी गाडीचं स्वागत केलं. अणुभट्टी थंड ठेवायला अशा किती गाड्या लागतील, हे रेल्वेलाच विचारलेलं बरं. शिवाय किल्लारी आहे. १९९३ च्या भूकंपाआधी भूकंपाच्या नकाशावर तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात होता. २००२ साली नकाशातून पहिला पट्टाच काढून टाकला.

अणुऊर्जा खातं तरीही शेजारी आलंच आहे. औंढा नागनाथजवळ लायगोची वेधशाळा व्हायची आहे, २०२३ साली २,६०० कोटींची मंजुरी. अंतराळातून येणारी गुरुत्वलहर तिथं टिपतील. वीज तयार होणार नाही, लागेल मात्र.

दरम्यान डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं नवा कायदा करून खासगी कंपन्यांनाही अणुवीज केंद्राचं दार उघडलं. हे आम्ही चहाच्या टपरीवर मुदखेडच्या एका शेतकऱ्याला मोठ्या उत्साहानं समजावून सांगत होतो. उसाला पाणी द्यायला तो रात्रभर जागलेला. मोटार आणि सापाची भीती दोन्ही अंगावर, चपलेला अजून चिखल. युरेनियम, थोरियम, २०४७ पर्यंत १०० गिगावॉट, सगळं त्यानं ऐकून घेतलं. बशीतला चहा संपवला आणि म्हणाला, “ते सगळं खरं हाय मालक. पण आपल्याला लाइट रातच्यालाच देतेत. ही अणूची लाइट दिवसा येती का रातच्याला?”

नांदेड-लातूरच्या आमदारांनी पुढच्या अधिवेशनात हा तारांकित प्रश्न म्हणून टाकावा. बंदीचं नंतर बघू.