चार बोटांचा सीमाप्रश्न

बंगळुरूच्या शिवाजीनगरात, रसेल मार्केटमागच्या गल्लीत, बांध कोरायला माती नाही. म्हणून आम्ही भिंत कोरतो. शेजारच्या अण्णांनी तुळशीची कुंडी चार बोटं आमच्याकडे सरकवली, आम्ही लगेच मोजपट्टी काढली. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे खरंच. लोकअदालतीत तडजोड झाली तर कोर्ट फी परत मिळते, निवाड्यावर अपीलही नाही. पण मग जन्मभर भांडायचं कशावर? आमच्यापुढे थोरल्यांचा कित्ता आहे: महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादावरच्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७चा, महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४चा. दोन राज्यांचा बांध अजून ठरेना, तिथे आमच्या चार बोटांची काय घाई? तोवर अण्णांकडचं विरजण रोज येतं, त्याच भिंतीवरून.