यादीव्रत: विधी, साहित्य आणि विसर्जन

हे व्रत कोणी करावे? रात्री दिवा मालवून पाठ टेकली रे टेकली की ज्यास गॅस बुक करायचा राहिला, सोसायटीचा मेंटेनन्स भरायचा राहिला, आत्याला फोन करायचा राहिला आणि मंगळवारी साहेब जे बोलले त्याला उत्तर द्यायचे राहिले, हे सगळे एकदम आठवते, त्या प्रत्येकाने करावे. स्त्री-पुरुष भेद नाही. उपवास नाही. सोवळेही नाही, हात तेवढे कोरडे असावेत.

मुहूर्त निजण्यापूर्वीची पाच मिनिटे. याला पंचांगाचा नसला तरी प्रयोगशाळेचा आधार आहे. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठातला एक प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात ५७ तरुणांना निजण्याआधी पाच मिनिटे लिहायला बसवले होते. निम्म्यांनी पुढे करायची कामे लिहिली, निम्म्यांनी उरकलेली. करायची कामे लिहिणाऱ्यांना सरासरी नऊएक मिनिटे आधी झोप लागली. त्यातही यादी जितकी तपशीलवार, तितकी झोप लवकर. आपण दिवसभरात काय काय केले हे रात्री घरच्यांना ऐकवणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. त्याने झोप येते, पण ऐकणाऱ्याला.

साहित्य: एक पाठकोरा कागद आणि एक चालणारे पेन. बहुतेकांचे व्रत इथेच भंगते, कारण ते कागद सोडून डायरी आणायला निघतात. डायरीला रेशमी फीत हवी, पानाला पिवळसर झाक हवी, तातडीच्या कामांसाठी लाल पेन वेगळे. पहिल्या पानावर नाव आणि रक्तगट सुवाच्य अक्षरात येतो. संक्रांतीपर्यंत अक्षर टिकते, सव्वीस जानेवारीनंतर पाने कोरी, आणि मे महिन्यात कुठेतरी एकदम इस्त्रीचा हिशेब. म्हणून जाणकार लग्नपत्रिकेच्या पाकिटाची आतली बाजू वापरतात. तिच्यावर अक्षर चांगले काढण्याचे दडपण येत नाही.

भिंतीवरचे कालनिर्णय चालेल का? १९७३ साली ते निघाले तेव्हापासून दुधाचा खाडा, सिलिंडर लावल्याची तारीख, मावशींची सुट्टी हे सारे त्या चौकोनांत नांदते आहे. पण खिळ्याला दोऱ्याने बांधलेले ते बॉलपेन उभ्या भिंतीवर टेकवले की शाई मागे सरते आणि ‘सिलिं’पर्यंत येऊन अक्षर कोरडे पडते. खाड्याला एक रेघ पुरते, म्हणून दुधाचा हिशेब चोख राहतो. ‘विमा एजंटाला तिसऱ्यांदा नाही म्हणणे’ तिथे मावत नाही. मोबाइल तर वर्ज्यच. यादी लिहायला तो हातात घेतलेला मनुष्य अर्ध्या तासाने कोणाच्या तरी साखरपुड्याचे फोटो पाहताना आढळतो.

आता आवाहन. डोक्यात जे येईल ते येईल त्या क्रमाने लिहावे, निवडत बसू नये. आधी लसूण येतो, मग दाढीचे ब्लेड. मोठ्या काळज्या मागे दबा धरून असतात, त्यांना लसूण पुढे पाठवायची सवय असते. हात थांबला की उठू नये, त्यानंतरच त्या एकेक करून बाहेर येतात.

त्या इतके दिवस आत का ठाण मांडून होत्या? बर्लिनमध्ये मानसशास्त्रज्ञ ब्लुमा झायगार्निक यांनी १९२७ साली असे मांडले की, अर्धवट सोडलेले काम पुऱ्या झालेल्या कामापेक्षा जास्त लक्षात राहते. पुढच्या सगळ्याच संशोधकांना तसे आढळले असे नाही, पण पहाटे तीनला जागे असणाऱ्यांनी झायगार्निकबाईंच्या बाजूने मत दिले असते. मग २०११ साली मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांनी दाखवले की, काम पूर्ण होण्याची गरज नाही. ते कधी आणि कसे करायचे हे पक्के ठरवले तरी त्याची टोचणी ओसरते. काम न करता काम केल्याचे समाधान! इतक्या स्वस्तात एवढे पुण्य देणारे दुसरे व्रत ठाऊक असल्यास कळवावे.

अट एकच, प्राणप्रतिष्ठा. यादीतल्या नामाला क्रियापद जोडल्याखेरीज त्यात जीव येत नाही. ‘नळ’ असे लिहिले तर तो कागदावरही गळतो आणि डोक्यातही. ‘प्लंबरला सकाळी नऊच्या आत फोन करणे, वॉशर नको, अख्खा कॉक बदल’ असे लिहिले की डोके सुटते. ‘तब्येत’, ‘इन्शुरन्स’, ‘गावची जमीन’ ही नामे घरोघरच्या याद्यांत क्रियापदावाचून वर्षानुवर्षे बसून आहेत. ‘बाबा’ हेही असेच एक नाम. त्यापुढे ‘मोतीबिंदू दाखवायला नेणे, शनिवारी’ असे लिहिणे जमते. पण कधी कधी तिथे पेन अडते, कारण मनात काम नसतेच, नुसते बाबा असतात. अशा नामांना ओढूनताणून क्रियापद लावू नये. त्यांच्यासाठी वेगळा कागद घ्यावा, वाटेल तितके लिहावे आणि वाटल्यास फाडून टाकावे.

यानंतर यादीतली कामे करावीत. हा विधी ऐच्छिक आहे. उरकलेलीच दोन कामे यादीत घालून तिथल्या तिथे खोडण्याची प्रथा काही घराण्यांत आहे, दोष नाही.

जे काम तीनदा पुढच्या यादीत गेले, त्याच्यापुढे ‘करणार नाही’ असे स्पष्ट लिहावे. फार हलके वाटते. असे न करणाऱ्यांची यादी शर्टाच्या खिशातून थेट वॉशिंग मशीनमध्ये विसर्जित होते आणि तिचा लगदा काळ्या पँटवर वाळतो.

शेवटी स्थापनेविषयी. यादी फ्रिजवर लावू नये. आपल्याकडे फ्रिजवरचा कागद ही सार्वजनिक मालमत्ता असते. ‘आईशी खर्चाबद्दल स्पष्ट बोलणे’ अशी ओळ कोणी चुंबकाखाली ठेवली, तर सकाळी तिच्याखाली वळणदार अक्षरात उत्तर येते: ‘मी घरीच आहे. येताना कोथिंबीर आण.’