बेनामी निवडुंग

सेवानिवृत्त महसुली अधिकारी हा प्राणी वाचकांच्या पूर्ण परिचयाचा असल्यामुळे त्याची प्रस्तावना करण्यात मी वेळ दवडीत नाही. आमच्या वाशीमातील अशाच एका माजी नायब तहसीलदारांनी, दप्तर हातचे गेल्यावर, घराच्या गच्चीवर निवडुंगांची जमाबंदी आरंभिली. आणि त्या जमाबंदीत एक निवडुंग बेनामी निघाल्यापासून आम्हा शेजाऱ्यांच्या स्वास्थ्यावर टाच आलेली आहे.

बेनामी म्हटले की पंचनामा आला, आणि पंचनामा म्हटला की पंच आले. सायंकाळी पद्मतीर्थाकडे फिरावयास निघालेला निरुपद्रवी माणूस त्यांच्या दारावरून जाऊ लागला, की वरून हाक येते, "जरा पंच म्हणून वर या!" वैशाखात तापलेल्या फरशीवर आपण आळीपाळीने एकेक पाय उचलीत उभे असतो, आणि साहेब डोळ्यास भिंग लावून संथपणे मजकूर सांगत असतात : "खोड गोल, धारा बारा. धारांवर लोकरीचे ठिपके असून काटे त्या ठिपक्यांतूनच निघालेले. सबब सदरहू इसम अस्सल निवडुंग. टाचणी टोचली असता पांढरा चीक आला नाही. सबब आपल्याकडील बांधावरच्या थोराशी त्याची भाऊबंदकी शाबीत होत नाही. येथे सही करा."

विद्वत्तेच्या बाबतीत त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. लिनियसने १७५३ साली त्याला ठाऊक असलेले सारे निवडुंग एकाच वंशाच्या खात्यावर चढविले, ब्रिटन आणि रोझ या अमेरिकन पंडितांनी १९१९ ते १९२३ या काळात चार खंड खर्ची घालून त्यांची नव्याने पोटहिस्सेवार मोजणी केली, आणि तरीही हद्दीचे तंटे मिटले नाहीत, हे ते घरच्या वाटणीचे सांगावे तशा कळवळ्याने सांगतात. शेजारच्या वहिनींकडे एका रात्री ब्रह्मकमळ उमलले, आळीतल्या सुवासिनी तबके घेऊन जमल्या, आणि ऐन आरतीत साहेबांनी जाहीर केले की खरे ब्रह्मकमळ हिमालयात असते, हा मेक्सिकोकडून आलेला निवडुंग आहे. विधान निर्विवाद सत्य होते. प्रसाद मात्र त्यांना मिळाला नाही. आणि पंच या नात्याने, मलाही नाही.

रोपवाटिकेतून आणलेल्या तांबड्या डोक्याच्या कलमाविषयी त्यांचा अभिप्राय असा, की वरच्या तांबड्या गोळ्यात हरितद्रव्य नसल्यामुळे त्याला स्वतःचे अन्न करता येत नाही. खालचे हिरवे खोड राबते आणि वरचा मिरवतो. "हा साहेब, आणि हा कारकून," ते गंभीरपणे म्हणाले. स्वतःची गणना ते कोणात करतात, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

परंतु त्या बेनामीचे नाव विचारले की उत्तर ठरलेले : "फूल येऊ द्या." शास्त्रदृष्ट्या हे रास्तच आहे, फुलाची नळी केसाळ की नितळ, ते दिवसा उमलते की रात्री, हे पाहिल्यावाचून निवडुंगाचा वंश ठरविणे धाडसाचे असते. तरीही हे तीन शब्द ऐकले की मला कचेरीचा व्हरांडा आठवतो. दूरच्या खेड्यातून एस.टी.ने येऊन वारसाच्या फेरफारासाठी दिवसभर तिष्ठणाऱ्या म्हाताऱ्यांना या पेशाने "साहेब येऊ द्या" याखेरीज दुसरे काय ऐकविले? जित्याजागत्या माणसाचे नाव कागदावर चढविण्यास ज्या हातांना सवड झाली नाही, तेच हात एका मुक्या झाडाच्या नावासाठी काटे मोजत बसावेत, हा दैवाचा विनोद म्हणावयाचा. त्यांच्या सौभाग्यवतींचा आक्षेप याहून व्यवहारी असे. "अहो, काहून त्या काट्याइले एवढं जपता? वांगे लावले असते त भाजी तरी झाली असती."

अखेर गेल्या उन्हाळ्यात, एका सायंकाळी, फूल आले. लांब, केसाळ नळीच्या टोकावर उमललेले ते शुभ्र, सुगंधी फूल दुसऱ्या दिवशी मावळणार होते, म्हणून पंचांना तातडीने पाचारण झाले. ग्रंथ उघडले गेले, पाकळ्या मोजल्या गेल्या, आणि वंश निःसंशय ठरला : दक्षिण अमेरिकेतील एकिनॉप्सिस. जात मात्र ठरेना. पांढऱ्या फुलाची म्हणावी तर पाकळ्यांवर गुलाबी झाक होती, आणि कुंड्यांतून वाढणाऱ्या या वंशात संकर तर उदंड.

इतक्यात पुण्याहून कन्येचा फोन आला. ते रोप तिचे; नोकरीस जाताना ती ते मागे ठेवून गेली होती. दर रविवारी ती पहिला प्रश्न हाच विचारी : "बाबा, नाव कळलं?" एवढे शास्त्र हाती आले असता "एकिनॉप्सिस" असे एका शब्दात सांगून मोकळे होणे साहेबांना सहज शक्य होते. साहेबांनी फुलाकडे पाहिले, माझ्याकडे पाहण्याचे टाळले, आणि म्हणाले, "अजून नाही गं. पुढचं फूल येऊ दे." त्यानंतर बापलेकींचे बोलणे बराच वेळ चालले होते.

पंचनाम्यात त्या रात्री "नाव : अनिश्चित, वंशाचाही बोध नाही" असा धडधडीत खोटा मजकूर होता. मी सही केली. प्रकरण अद्याप प्रलंबित आहे. दरम्यान रोपाला बुडाशी पिल्ले फुटली असून मागणाऱ्यास ती विनामूल्य मिळतात. मात्र पोच लिहून द्यावी लागते.