बोट लागली

मी कोकणबोटीत आयुष्यात एकदाही चढलेलो नाही. तरी मला बोट लागते. कशेडी घाटात, एस.टी.च्या मागच्या बाकावर, तिसऱ्याच वळणाला. आई माझ्या तोंडात आवळासुपारी कोंबत म्हणे, "याला बोट लागली!" घाटात बोट कुठून आली, हा प्रश्न आमच्या घरात कुणाला पडला नाही.

गंमत अशी की आमच्या हर्णैला बोट लागायचीच नाही. ती सुवर्णदुर्गाच्या अल्याडपल्याड खोल पाण्यात उभी राहून भोंगा द्यायची, आणि मग किनाऱ्यावरून पडाव निघायचे. पडावही हलणार, बोटही हलणार, पण दोघांचा ताल कधी जुळायचा नाही. पडाव लाटेवर वर आला की खलाशी ओरडायचा, "उतरा!" उतरणाऱ्याने विचार केला की संपलं, तोवर पडाव हातभर खाली गेलेला. आजीचा नियम ठरलेला होता : आधी फणस, मग ट्रंक, मग पोरं, मग आपण. किनारा जवळ आला की पडावही थांबे. मग कचेरीत ज्यांच्यापुढे कुळं उभी राहत ते आमचे आजोबा खलाशाच्या खांद्यावर बसून, वहाणा बगलेत धरून कोरड्या वाळूपर्यंत येत. त्या दहा-बारा पावलांत ते कुणाशी बोलत नसत म्हणे.

पुढे बोट दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्लं अशी बंदरं घेत पणजीला जायची. डेकवर वळकटी पसरून जागा धरायची आणि शेजाऱ्याची वळकटी चार बोटं सरकवायची, ही रीतच. लिंबू, आलेपाक, हुंगायला कांदा : उपाय घरागणिक वेगळे, परिणाम सगळ्यांचा एकच. अप्पर क्लासवाले पैसे जास्त मोजत, पण बोट त्यांनाही तेवढीच लागे. डेकवरच्यांना याचं फार समाधान होतं.

आगबोटींना संतांचीही नावं असत. 'तुकाराम' १९२७ साली बुडाली. 'रामदास' १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली होती. स्वातंत्र्याला महिना उरलेला, आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. "तुकोबांची गाथा तरली, बोट नाही तरली," एवढंच आजी म्हणे. त्यानंतर पडावात पाय ठेवण्याआधी ती समुद्राला नारळ द्यायची, आणि दुसरा नारळ घरच्यासाठी पिशवीत राखून ठेवायची.

पुढे रस्ते झाले, एस.टी. गावोगाव पोचली, बोटी बंद पडल्या. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली. रेल्वे कुणाला लागत नाही, म्हणून तिच्याबद्दल आमच्या घरात सांगण्यासारखं काही साठलं नाही.

परवा भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रोने निघालो. गाडी बोटीत, आम्ही गाडीत. बंदर मागे पडलं तशी लेक पांढरीफटक होऊन म्हणाली, "बाबा, मला गाडी लागतेय."

"गाडी तर बंद आहे," मी म्हटलं. "बोट लागतेय तुला."

घराण्यात बऱ्याच वर्षांनी कुणाला तरी खरीखुरी बोट लागली होती. मी तिथूनच आईला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आलेपाक घेतलायस ना बरोबर?"