वास्तुमाशाचे आजार: निदान, उपचार आणि दोषारोप

घरच्या टाकीतला मासा दगावला की सर्वप्रथम नजर कुणाची लागली हे ठरवावे. गेल्या रविवारी येऊन "अय्या, किती गोड!" म्हणून गेलेली मावशी या कामी सोयीची असते. मासा घरावरचे संकट स्वतःच्या अंगावर घेतो, असे वास्तुवाले सांगतात. तेव्हा आठ सोनेरी आणि एक काळा अशा नवातले सहा एकाच आठवड्यात गेले, तर आपल्यावर केवढी अरिष्टे चालून आली होती या विचाराने गहिवरावे. पाणी तपासू नये.

तरीही तपासायचेच असेल, तर ऐका. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया टाकतात. न खाल्लेले दाणे कुजून त्यात भर घालतात. हा अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वस्तीला यायला चार ते सहा आठवडे लागतात. आपण टाकी सकाळी आणतो आणि संध्याकाळी मुहूर्त बघून मासे सोडतो. पुढे जिवाणू चिकाटीने आलेच, तर रविवारी फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून, क्लोरीनच्या पाण्याने चकाचक करून त्यांना निरोप देतो. (स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच खळबळावा आणि दर आठवड्याला पाव टाकीच पाणी बदलावे, तेही अँटिक्लोरीन घालून. पण मग पाहुण्यांना स्वच्छता दिसत नाही.)

लक्षणे ओळखणे सोपे आहे, कारण घरचे लोक त्यांचा नेमका उलटा अर्थ लावतात. मासा पंख मिटून कोपऱ्यात बसला की "शांत स्वभावाचा आहे." दगडाला अंग घासू लागला की "खेळतोय बघ." पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकू लागला की "भूक लागली बिचाऱ्याला," आणि लगेच चिमूटभर दाणे.

अंगावर रवा भुरभुरल्यासारखे ठिपके दिसले की मात्र सगळ्यांची खात्री पटते. हा इक नावाचा रोग. यातली गोम अशी, की ठिपक्यातला परजीवी माशाच्या कातडीखाली सुरक्षित असतो. तो पोसला की गळून तळाशी जातो, तिथे त्याची शेकडो पिल्ले होतात आणि नवा मासा शोधत पोहू लागतात. औषध लागू पडते ते या पोहणाऱ्यांनाच. म्हणजे ठिपके गेले तेव्हा रोग गेलेला नसतो, तो बाळंतपणाला गेलेला असतो. आपण नेमके त्याच दिवशी औषध थांबवतो. स्वतःच्या अँटिबायोटिकचेही आपण हेच करतो, म्हणा. शिवाय फिल्टरमधला कोळसा काढायचा राहून गेला, तर औषध तोच शोषून घेतो.

प्रतिबंधासाठी नवा मासा दोन ते चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा आणि पिशवीतले पाणी घरच्या टाकीत ओतू नये. ही सूचना घरात जपून मांडावी. दुसऱ्या टाकीचा विषय निघाला की पहिलीच्या भवितव्याचीही चर्चा सुरू होते.

दाणे दोन-तीन मिनिटांत संपतील एवढेच घालावेत. डबा कपाटात ठेवून किल्ली एकाच माणसाकडे द्यावी. आजोबांकडे दिली काय, न दिली काय, सारखेच. त्यांच्या खिशात बिस्किटाचा चुरा असतो.