गोडबंद गुरुजी

पेठच्या पुढं गाडी तशीच दामटली की गुजरात लागतो. गुजरातेत राज्य झाल्यापासून, म्हणजे १९६० पासून, दारूबंदी. त्यामुळे आमच्या भागात एक गोष्ट कुणाला शिकवावी लागत नाही : बंदी असते ती हद्दीपुरती. हद्द ओलांडली की माणूस तोच, तहान तीच, कायदा तेवढा बदलतो. गुरुजींनी हाच न्याय साखरेला लावला.

‘गोडबंद’ हे नाव आमच्या गाडीतल्या मॅडमनी ठेवलं. त्या माहेरच्या ठाण्याच्या, घोडबंदर रोडवर वाढलेल्या. आम्ही पाच जण नाशिकहून पेठ तालुक्यात रोज अप-डाऊन करतो. चार जण जिल्हा परिषदेच्या शाळांवर, आणि मी कारकून. सकाळी पेठ नाक्यावर गाडी भरते. गुरुजी कायम पुढच्या सीटवर, कारण ते मागं बसले की तिघांच्या जागेत दोघंच मावतात. वजन विचारलं तर गेल्या वर्षीचं सांगतात.

गाडी सुरू झाली की प्रवचन सुरू. घरून वहिनींच्या देखरेखीखाली बिनसाखरेचा चहा घेऊन निघाल्याचं तेज चेहऱ्यावर असतं. “जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ सालीच सांगून ठेवलंय. वरून घातलेली साखर दिवसाला पन्नास ग्रॅमच्या आत. जमलं तर पंचवीस. पंचवीस म्हणजे सहा चमचे!” मग आमच्याकडे वळून, आम्ही सकाळपासून किती चमचे पोटात टाकले याची झाडाझडती. मॅडम खिडकीबाहेर बघतात. बाहेर रामशेजचा किल्ला दिसत असतो. या रामशेजनं औरंगजेबाच्या फौजेला पाच वर्षांहून अधिक काळ झुलवलं. गुरुजींचा निश्चय रामशेजपर्यंत शाबूत असतो. तो फितूर होतो सावळघाटात.

घाट उतरला की एक टपरी आहे. टपरीवाल्या मामांचा चहा एकाच मोठ्या पातेल्यात, साखरेसकट उकळलेला. गुरुजींसाठी ते वेगळं छोटं पातेलं ठेवतात, आणि ते उकळेपर्यंत आम्ही चौघं हजेरीची वेळ बघत ताटकळतो. मग तो चहा येतो. गुरुजी एक घोट घेतात, काढा घेतल्यासारखे डोळे मिटतात आणि बरणीकडे हात करतात. ग्लुकोजची सहा बिस्किटं. एकेक बुडवून, तुटायच्या आत अलगद तोंडात. हे कसब बघण्यासारखं असतं, एवढ्या वर्षांत एक तुकडा कपात पडलेला मी पाहिला नाही.

“गुरुजी, बिस्किटात साखर असते.”

“असते ना. पण ती बिस्किटाची.”

चहातला एक चमचा वाचला म्हणजे वीसेक कॅलरी शिल्लक पडल्या, आणि शिल्लक खर्च करायला हरकत नसते, हा त्यांचा हिशेब. सरकारी नोकरीत मार्चअखेर बघितलेल्या माणसाला तो पटतोही.

गुजरातेत प्रकृतीच्या कारणानं दारूचा परवाना मिळतो. गुरुजींनाही मिळतो, फक्त अर्जदार तेच आणि मंजुरी देणारेही तेच. “हात थरथरल्यासारखा वाटतोय. शुगर लो झाली बहुतेक.” लगेच बॅगेतून राजगिऱ्याची चिक्की निघते. गुरुजींना मधुमेह नाही. रक्ताचा रिपोर्ट त्यांनीच आम्हाला अभिमानानं दाखवलाय. पण परवान्याला कागद लागत नाही. शिवाय चिक्की गुळाची, आणि गूळ म्हणजे साखर नव्हे! शंभर ग्रॅम साखरेत चारशेच्या जवळ कॅलरी, गुळात तीनशे ऐंशीच्या आसपास, हे मी एकदा मोबाइलवर काढून दाखवलं. “बघा, कमीच निघाल्या की नाही?” असं म्हणून त्यांनी दुसरी चिक्की सोडली.

अधूनमधून ते पंथही बदलतात. २०१८च्या सुमारास महाराष्ट्रभर डॉ. दीक्षितांच्या पद्धतीची लाट आली, तेव्हा गुरुजी दोन वेळच्या जेवणावर आले. दोनदाच जेवायचं, आणि प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत उरकायचं. गुरुजींनी त्यातली पंचावन्न मिनिटं मनापासून पाळली. पूर्वी त्यांचं जेवण वीस मिनिटांत होत असे. पुढं गोड गोळ्यांचा काळ आला. १८७९ साली अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत फाल्बर्ग नावाच्या रसायनशास्त्रज्ञाच्या हाताला काहीतरी लागलं, तो तसाच जेवायला बसला, घास गोड लागला आणि सॅकरिन सापडलं. ही गोष्ट गुरुजी फार रंगवून सांगत. “न धुतलेल्या हातानं जेवला म्हणून मानवजातीचं कल्याण झालं,” हे वाक्य पोरांसमोर म्हणू नका, एवढी विनंती मॅडमनी केली. मग २०२३ साली त्याच आरोग्य संघटनेनं सांगितलं की वजन उतरवायला या गोळ्यांवर भिस्त ठेवू नका. हा एवढाच सल्ला गुरुजींनी त्याच दिवशी अमलात आणला आणि ते साखरेवर परत आले.

खरी तलफ येते परतीच्या वाटेवर, करंजाळीच्या आसपास. सकाळचा एवढा बोलका माणूस गप्प होतो. आधी काच खाली करतो, मग वर घेतो. मग अगदी सहज, “या आठवड्यात कुणाचा वाढदिवस नाही का हो?” कुणाचा नसतो. कुणाची बदली? निवृत्ती? नातू? एकदा ड्रायव्हरच्या म्हशीला रेडी झाली तर गुरुजींनी पेढ्यांसाठी गाडी थांबवली. पेढे गुरुजींनीच घेतले, देवाला दाखवले, म्हणजे डॅशबोर्डावरच्या गणपतीला. आता तो प्रसाद. प्रसादाला नाही म्हणणाऱ्यातले गुरुजी नव्हेत.

एकच दिवस वेगळा गेला. डबा घरी राहिला होता. शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींनी आपल्या घरच्या डब्यातली नागलीची भाकरी, उडदाची घट्ट डाळ आणि ठेचा पुढं केला. त्या दिवशी करंजाळी आली आणि गेली, गुरुजी घोरत होते. मी दुसऱ्या दिवशी म्हटलं, “भाकरी-डाळ पोटात टिकते, गुरुजी, म्हणून चारची तलफ आली नाही. तुमचा डबाच दुपारी विरून जातो.” त्यांनी मान डोलावली, वहीत टिपून घेतलं. त्याही दिवशी डब्यात पोळी, बटाट्याची भाजी आणि कोपऱ्यात गुळांबा होता.

मॅडम आणि गुरुजी एकाच शाळेवर आहेत. मागं आरोग्य तपासणीचं पथक आलं, तेव्हाची हकीकत मॅडमनी सांगितली. आमच्या तालुक्यात काटा सरकला की लोक खूश होतात, पोरांची हाडं तुम्ही बघितलेली नाहीत. चौथीतला एक मुलगा जूनपासून दीड किलोनं वाढला होता, तर नर्सताईंनी सगळ्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. पोरं संपली, काटा मोकळा होता, गुरुजी हळूच चढले. ताई काही बोलल्या नाहीत. पोरांनी मात्र सवयीनं टाळ्या वाजवल्या. त्यानंतर आठवडाभर टपरीवर छोटं पातेलं चढलं, पण बरणीकडे हात गेला नाही. हे मी स्वतः पाहिलंय, म्हणून नोंदवतो.

मग चैत्र लागला. इकडे मोह गळतो तो पहाटे, आणि उजाडता उजाडता बायापोरं टोपल्या घेऊन झाडाखाली असतात. फूल मणीदार, पिवळट, आणि आत साखरच साखर. याचीच दारू होते ती उगाच नाही. एका मुलीनं घरच्या वाळवलेल्या फुलांची पुडी गुरुजींना आणून दिली. वाळल्यावर ते बेदाण्यासारखं चिवट होतं आणि गोडी दाटते.

परतताना पुडी त्यांच्या मांडीवर. गाडीभर वास.

“गुरुजी, गोड आहे हं ते,” मॅडम म्हणाल्या.

“मॅडम, फूल आहे.”

तेवढ्यात वहिनींचा फोन आला. “अहो, आज काही खाल्लं नाहीत ना?”

“छे. मोहाची फुलं मिळालीत, ती बघतोय.”

सावळघाटाचा चढ दिसायला लागला तसे गुरुजी ड्रायव्हरला म्हणाले, “जरा बाजूला घे रे.” गाडी थांबली. गुजरातेत शिरायच्या आधी ट्रकवाले थांबतात, तशीच. गुरुजी खाली उतरले, आमच्याकडे पाठ करून उभे राहिले आणि एकेक करत सगळी पुडी संपवली. कागद घडी घालून खिशात ठेवला, मग काढून झुडपात टाकला. चूळ भरली, रुमालानं मिशा पुसल्या आणि पुढच्या सीटवर येऊन बसले.

“चला. तर काय सांगत होतो, दिवसाला पंचवीस ग्रॅम...”